रांगेत पुढे कोण?

बँकेच्या काउंटरवर उभं आयुष्य गेलं, त्यातून एक गोष्ट कळली. रांग लांब असल्यानं माणूस फारसा चिडत नाही. पुढचा माणूस किती वेळ घेणार हे कळत नाही, म्हणून चिडतो. अकोल्याच्या शाखेत पेन्शनचे पाचशे रुपये काढायला आलेली म्हातारी आणि चिल्लरीच्या चार थैल्या भरायला आलेला मुनीम एकाच खिडकीवर उभे असत. म्हातारीचं काम दोन मिनिटांचं. पण मुनीम आधी आला, की तिचा तास गेलाच. नियमानं पाहिलं तर अन्याय कुणावरच नव्हता. तरी तो होता.

ही खिडकी मला परवा अमरावतीच्या घरात, वायफायच्या डब्यासमोर आठवली. आमची सून पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करते. त्या दिवशी तिची बढतीची मुलाखत होती. दहाव्या मिनिटाला तिचा आवाज तुटू लागला. ‘तुमचं ऐकू येत नाही’ असं पलीकडून तीनदा ऐकल्यावर तिनं उरलेली मुलाखत मोबाइलवर कशीबशी उरकली. खोलीबाहेर आली ती थेट ओट्यापाशी गेली. एक शब्द बोलली नाही. तिचं ते न बोलणं मला जास्त लागलं.

‘मोठा प्लॅन घेऊन टाका न बाप्पा, रोजचंच होऊन रायलं हे,’ सौभाग्यवती म्हणाल्या. पण प्लॅन चाळीसचा शंभर करून दोन महिने झाले होते! रात्री मुलानं राउटर उघडून पाहिला, तेव्हा चोर सापडला. तो माझाच फोन होता. आदल्या दिवशी मी पुतणीच्या लग्नाहून आलो होतो आणि तिथली सगळी चित्रफीत तो मुकाट्यानं वर कुठंतरी साठवणीला पाठवत होता. मला त्याचा पत्ताही नव्हता.

अकोल्यात उन्हाळे काढलेल्यांना हे लगेच समजेल. महानच्या धरणाचं पाणी चार-पाच दिवसांनी नळाला यायचं आणि कुणीतरी थेट लाइनीवर टुल्लू पंप लावायचा. मग शेजारी नुसती हवा. नळ मोठा केला तर पंप तेवढंच जास्त ओढणार. साठवणीला जाणाऱ्या चित्रफितीचं तेच आहे. जेवढी वाट मिळेल तेवढी ती व्यापते. बोलण्याला मात्र वाट थोडीच लागते. नुसत्या आवाजाला सेकंदाला शंभरएक किलोबिट पुरतात. पण ते वेळेवर जावे लागतात. चित्रफीत दोन तास उशिरा पोचली तर काही बिघडत नाही. शब्द अर्धा सेकंद उशिरा पोचला, की संभाषण मोडतं. यंत्रं आलेलं सगळं साठवून रांग वाढवत नेतात आणि शब्द त्या रांगेत मागे अडकतो. 2010 च्या सुमारास जिम गेटिस या अभियंत्यानं या रोगाला ‘बफरब्लोट’ असं नाव दिलं.

उपाय आहे आणि तो बराचसा बँकेतल्यासारखाच आहे. राउटरला सांगायचं, की प्रत्येकाची वेगळी रांग लाव आणि प्रत्येक रांगेतून एकेक जण आळीपाळीनं सोड. म्हणजे म्हातारी मुनिमाच्या चार थैल्यांमागे अडकत नाही. ही पद्धत 2018 मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत रीतसर नोंदली गेली. शिवाय एक युक्ती करावी लागते. लाइन शंभरची असेल तर राउटरला नव्वदच सांगायचं. मग गर्दी कंपनीच्या दारात न होता आपल्या दारात होते, आणि आपल्या दारातली रांग आपल्याला लावता येते. सगळ्याच डब्यांत ही सोय नसते. आणि वायफाय भिंतीआड पोचतच नसेल, तर तिचा उपयोगही नाही.

आमच्या राउटरमध्ये आणखी एक सोय निघाली, पसंतीक्रमाची. मुलानं विचारलं, ‘पहिला नंबर कुणाला द्यायचा?’ नातवानं आपला खेळ सांगितला, सौभाग्यवतींनी मालिका. मी वडीलकीच्या सवयीनं स्वतःचं नाव सांगणारच होतो. सून म्हणाली, ‘माझं शेवटी ठेवा, बाबा. चालेल मला.’

चालतं, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या समजत आलो. जेवणाच्या पंगतीत चाललं, म्हणून इथंही चालेल असं वाटलं. माझं मत असं, की घरातला क्रम मानावर ठरू नये, थांबण्याच्या किमतीवर ठरावा. ज्याचं थांबून बिघडतं तो आधी. ज्याचं थांबून काहीच बिघडत नाही तो मागे. मग वय कितीही असो आणि बिल कुणीही भरत असो.

आणि हा क्रम घरानं ठरवावा, विकणाऱ्यानं नव्हे. ट्रंक कॉलच्या काळात साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन दर होते. कापसाचा भाव विचारणारा व्यापारी लाइटनिंग लावी आणि आजारी बापाची खबर विचारणारा साध्या कॉलवर बसून राही. ती रांग पैशानं लागत होती. इंटरनेटवर तसं होऊ नये, म्हणून 8 फेब्रुवारी 2016 रोजी ‘ट्राय’नं मजकूर पाहून वेगवेगळा दर लावायला मनाई केली आणि 2018 मध्ये केंद्र सरकारनंही समान वागणुकीचं तत्त्व स्वीकारलं. ते टिकलं पाहिजे. कंपनीनं रस्ता द्यावा. गाडी कुणाची आधी, हे तिनं पाहू नये.

आमच्या यादीत आता सुनेचं काम पहिलं आहे. माझा फोन शेवटी. तो रात्री एकनंतर काय पाठवायचं ते पाठवतो. कुणाचं काही अडलेलं नाही. तिची मुलाखत पुन्हा घेणार की नाही, ते मात्र अजून कळलेलं नाही.