टाचेतलं रक्त, ताटातली प्रथिनं

१९३४ साली नॉर्वेत डॉ. आस्ब्यर्न फोलिंग यांनी दोन भावंडांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं आणि ती हिरवी झाली. फिनाइलकीटोनुरिया या आजाराचा माग लागला तो असा. दोघांचीही बौद्धिक वाढ खुंटलेली होती.

प्रथिनांतलं फिनाइलअ‍ॅलनिन पचवणारं एन्झाइम हा आजार असलेल्या मुलांत काम करत नाही. त्यामुळे फिनाइलअ‍ॅलनिन रक्तात साचतं, वाढत्या मेंदूला इजा करतं.

१९५० च्या दशकात बर्मिंगहॅममध्ये होर्स्ट बिकेल यांनी एका चिमुरडीला फिनाइलअ‍ॅलनिन कमी असलेला आहार दिला, ती सुधारली. ते आहारात पुन्हा मिसळताच ती ढासळली. पथ्याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

दूध, डाळ, अंडी, सगळं मोजूनमापून. शाळकरी वयात पथ्य सुटलं, तर एकाग्रतेवर परिणाम होतो. आणि मेंदूला इजा होण्याआधीच पथ्य सुरू करता यावं, म्हणून बाळाच्या टाचेतल्या रक्ताची तपासणी जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच करून घ्यावी.