सही करण्याआधी भाव तपासा!



एक दिवस पत्र येतं: कंपनी शेअर बाजारातून काढून घेत आहोत, अमुक भावानं तुमचे शेअर द्या. पाठोपाठ कुणीतरी सल्ला देतं, आत्ता दिले नाहीत तर हातात रद्दी राहील. ही भीती खोटी आहे. बाजार नियामक सेबीच्या २०२१च्या नियमांनुसार डिलिस्टिंगनंतरही, म्हणजे कंपनी बाजारातून काढल्यावरही, किमान एक वर्ष उरलेल्यांचे शेअर त्याच भावानं घेणं प्रवर्तकांना बंधनकारक आहे. घाई त्यांना आहे, आपल्या लहान भागधारकांना नाही.

कॅडबरी इंडिया आठवा. ब्रिटिश मालक कंपनीनं २००२मध्ये ५०० रुपयांना शेअर मागितले. बहुतेकांनी देऊन टाकले. मूठभर लोक अडून राहिले. २००९मध्ये भांडवल कपातीची योजना आली: १,३४० रुपये घ्या, तुमची इच्छा असो वा नसो, शेअर रद्द. तज्ज्ञांच्या सहीशिक्क्यानं हाच योग्य भाव म्हणून पुढे केला गेला. भागधारकांनी मुंबई उच्च न्यायालयात आक्षेप घेतला. न्यायालयानं वेगळा मूल्यमापक नेमला आणि मे २०१४मध्ये भाव ठरला २,०१४ रुपये ५० पैसे. शंभर शेअर असणाऱ्याच्या पदरात ६७,४५० रुपये जादा पडले. योजना रद्द झाली नाही, निकालाला वर्षं लागली, हेही खरं. पण गप्प बसले असते तर ही रक्कम मालकाच्याच तिजोरीत राहिली असती.

वेदांताचा २०२०चा डिलिस्टिंगचा प्रस्ताव तर कोसळलाच. सुरुवातीचा भाव सुमारे ८७ रुपये. मोठी भागधारक असलेल्या एलआयसीनं मागितले ३२०. डिलिस्टिंगसाठी लागणारा ९० टक्के शेअरचा टप्पा प्रवर्तकांना गाठता आला नाही.

आपल्याकडे एलआयसीचं बळ नाही, मत मात्र आहे. डिलिस्टिंगच्या ठरावाला सार्वजनिक भागधारकांची विरोधापेक्षा किमान दुप्पट मतं बाजूनं लागतात. तुमच्या एका विरोधी मतासाठी त्यांना दोन मतं आणावी लागतात. मत न देणारा कुठल्याच हिशेबात धरला जात नाही. प्रस्ताव विलीनीकरणाच्या योजनेचा असेल तर आक्षेपाला १० टक्के शेअर लागतात. एकट्यादुकट्याचे तेवढे नसतात, म्हणून एकत्र या.

मूल्यमापनाचा अहवाल मागा. कंपनीच्या जमिनीची, ब्रँडची, पुढच्या नफ्याची किंमत त्यात धरली आहे का, ते वाचा. भाव पटला तर खुशाल द्या. पटला नाही तर मुदत संपण्याआधी विरोधात मत टाका, आणि ओळखीच्या प्रत्येक भागधारकाला टाकायला लावा.