बर्फातले बिऱ्हाड



गेल्या अंकात आमचे हे पान दिसले नाही, म्हणून दोघा-चौघा स्नेह्यांनी आमच्या प्रकृतीची आस्थेने चौकशी केली. प्रकृती उत्तम आहे. आम्ही उभयता फेब्रुवारीत लेकीकडे इटलीत, तुरीन शहरी गेलो होतो आणि तेथून तिने व जावयांनी आम्हांस आठ दिवसांकरिता चक्क हिमात नेऊन बसविले. साठी उलटलेल्या, वडोदऱ्याच्या उन्हात वाढलेल्या माणसांनी स्कीच्या गावी जाऊन करावयाचे तरी काय, असा प्रश्न आम्ही केला. "काही करायचं नाही, बाबा. नुसतं बसायचं," असे लेकीने सांगितले. हा बेत मात्र आम्हांस तत्काळ पटला.

गावाचे नाव ग्रेसोने सें-झाँ. इटलीच्या वायव्य कोपऱ्यात आओस्ता नावाचा डोंगरी प्रांत आहे; त्यात लीस नदीच्या खोऱ्यात हे गाव वसले आहे. खोऱ्याच्या तोंडाशी पोंत-सें-मार्तां येथे रोमन लोकांनी बांधलेला दगडी पूल अजून उभा आहे. तेथून रस्ता वर चढू लागतो, आणि प्रवास थोडासाच असला तरी वाटेत भाषा कितीदा पालटते पाहा. खाली इटालियन आणि फ्रेंचच्या वळणाची तेथील बोली. इसिम गावात जर्मन वळणाची बोली. त्यापुढच्या गाबीत पुन्हा फ्रेंच वळणाची. आणि शेवटी ग्रेसोनेत पुन्हा जर्मन वळणाची, जिला तेथील लोक 'टिच' म्हणतात. इटलीच्या मुलखात ही बोली कशी आली, याचा उलगडा आम्हांस मुक्कामात झाला. तो सांगण्यासाठीच आजचे पान.

गाव १३८५ मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्या जवळपास. पण खोऱ्याच्या टोकाशी ४६३४ मीटर उंचीचा मोंते रोझा हा हिमाच्छादित पर्वत उभा आहे आणि थंडी त्याच्याकडून येते. जुनी घरे तळाशी दगडी व वर लाकडी आहेत. छपरावर दगडाच्या फरश्या. पूर्वी हिवाळ्यात माणसे आणि गुरे तळमजल्यावर एकत्र राहत, म्हणजे गुरांच्या उबेने घर उबदार राही. वर गवत व धान्य. काही कोठारे तर जमिनीला टेकलेलीच नाहीत. खाली लहान खुंट, त्यांवर छत्रीसारखे गोल सपाट दगड आणि त्या दगडांवर सारी लाकडी इमारत! उंदीर खुंटावर चढतो, परंतु दगडाला उलटा लटकून पुढे जाऊ शकत नाही. शेकडो वर्षे धान्य राखणारी ही युक्ती आम्ही पुनःपुन्हा वाकून पाहिली.

सकाळी आमच्या नऊ वर्षांच्या नातवाची स्कीची शिकवणी असे. स्की म्हणजे बुटांना अडकवावयाच्या लांब, निमुळत्या पट्ट्या. ज्या उतारावर तो शिकत होता त्याचे नाव वाइसमाटेन, म्हणजे पांढरी कुरणे. धावण्यापूर्वी थांबणे शिकवितात, ही रीत आम्हांस फार आवडली. पट्ट्यांची पुढची टोके जवळ व मागची दूर करून पाचर केली की वेग मंदावतो. शिक्षक इटालियनमध्ये सांगत होते, नातू इटालियनमध्ये उत्तरे देत होता. आमच्याशी तो इंग्रजीत बोलतो. मराठी त्याला कळते, पण तोंडातून येत नाही. तिसऱ्या दिवशी मात्र तो चांगलाच आपटला आणि पडता पडता ओरडला, "आई गं!" आमच्या सौ. धावल्या त्या काळजीने. पण परत आल्या तेव्हा हसत होत्या. मार काही विशेष लागला नव्हता.

आम्ही स्वतः कोवळ्या उन्हात बाकावर बसत होतो. गावाजवळच्या सपाट कुरणांवर म्हातारी माणसे अरुंद पट्ट्यांवर संथपणे, हातातील काठ्या टेकीत, आमच्या समोरून जात. घाई कोणालाच नव्हती. हिम पडले की आवाज जणू विरघळून जातात; देवळाची घंटा तेवढी ऐकू येते. इतकी स्वस्थता आम्ही कित्येक वर्षांत अनुभवली नव्हती.

आमचे बिऱ्हाड एका वृद्ध बाईंच्या घरी होते. आमच्या सौ.ना मांस चालत नाही हे कळताच त्यांनी 'ख्नेफ्लेने' केले. मैदा, अंडी व दूध यांचे सैल पीठ भोकांच्या साधनातून उकळत्या पाण्यात पाडावयाचे आणि वर वितळलेले चीज घालावयाचे. साधन थेट आपल्या बुंदीच्या झाऱ्यासारखे पाहून सौ.नी तो झारा हाती घेतला, आणि भाषेवाचून दोघींची मैत्री झाली. पुढचे संभाषण लेकीने दुभाष्याचे काम करून घडविले.

बाई सांगू लागल्या, "आम्ही इथले नव्हेत." आम्ही चमकलो, कारण त्यांच्या पूर्वजांना येथे येऊन सुमारे सातशे वर्षे झाली आहेत! स्वित्झर्लंडमधील वालिस प्रांताचे हे लोक; वालिसचे म्हणून वाल्सर. तेराव्या शतकाच्या सुमारास ते उंच खिंडी ओलांडून चहूकडे पसरले. जी जमीन फार उंच, फार थंड, म्हणून कोणी कसत नव्हते, ती त्यांनी कसावी आणि बदल्यात ती त्यांच्याकडे वंशपरंपरेने राहावी, असे करार ठिकठिकाणच्या जमीनदारांनी त्यांच्याशी केले. इटली, ऑस्ट्रिया, लिश्टेनस्टाइन येथील उंच दऱ्यांतून त्यांची गावे आजही आहेत. ग्रेसोनेचे पुरुष पुढे कापडाचे फिरते व्यापारी झाले. दूर जर्मनीपर्यंत जात, कमाई घेऊन परतत. या खोऱ्याला जुन्या काळी फेरीवाल्यांचे खोरे असेच जर्मन नाव होते.

अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर गुजराथेत आलेल्या घराण्यांतील आम्ही. आमच्या मनात काय आले असेल, हे इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव येथील वाचकांस सांगणे नलगे.

"मग सातशे वर्षे भाषा टिकली कशी?" आम्ही विचारले. बाईंनी खिडकीबाहेर बोट दाखविले. हिवाळ्यात वाटा बंद होत. बायका, मुले व वृद्ध घरात. तेव्हा दुसरी भाषा कानी पडणार कोठून? पुढे मुसोलिनीच्या राजवटीत शाळेत इटालियनखेरीज दुसऱ्या भाषेला जागा उरली नाही, तरी घरात टिच राहिली. आता तर १९९३ च्या घटनात्मक कायद्याने या खोऱ्यातील वाल्सर गावांना आपली भाषा व संस्कृती जपण्याचा आणि शाळेत जर्मन शिकण्याचा हक्क मिळाला आहे. पण शाळेतली जर्मन पुस्तकी, टिच वेगळी. ती बोलणारे आता बहुतेक वयस्क आहेत. पूर्वी हिमाने दार बंद होई, आता हिमानेच दार उघडले. स्कीमुळे तरुणांना गावात पोटापाण्याचा उद्योग मिळाला, गाव ओस पडले नाही; पण आलेल्या पाहुण्याशी बोलावयाचे ते इटालियनमध्येच. बाईंनी कोणालाच दोष दिला नाही. हिम कमी होत चालले आहे, उतारांवर यंत्राने हिम पसरावे लागते, याचीच त्यांना अधिक चिंता होती.

त्यांचाही एक नातू आहे. "तो मला उत्तर इटालियनमध्ये देतो," त्या म्हणाल्या.

"मग आपण काय करता?"

"पुढचा प्रश्न टिचमध्ये विचारते."

त्या रात्री आम्हांस लवकर झोप आली नाही. लेक चार वर्षांची असता तिला इंग्रजी शाळेत घातले, तेव्हा तेथील बाईंनी घरीही इंग्रजीच बोलण्यास सांगितले होते. आम्ही दोघांनी दोन वर्षे ते इमानेइतबारे पाळले. आमच्या मातोश्रींनी मात्र एक दिवसही पाळले नाही. नातीने इंग्रजीत काही मागितले की त्या म्हणत, "मला नाही कळत बाई, नीट सांग." लेकीला आज मराठी येते ती आजीमुळे, आमच्यामुळे नव्हे. आणि नातवाशी दर रविवारी फोनवर आम्ही इंग्रजीत बोलत होतो, का, तर त्याला सोपे जावे म्हणून! वस्तुतः सोपे आम्हांलाच जात होते. त्याच्या उत्तराची वाट पाहावी लागत नव्हती.

निघण्याच्या दिवशी हे लेकीला सांगितले. ती काही बोलली नाही. आईच्या गळ्याभोवतीची शाल तेवढी तिने नीट केली.

घरी परतून आता महिना झाला. चार रविवार आम्ही नातवाशी मराठीत बोलत आहोत. पहिल्या दोन रविवारी तो गोंधळला आणि संभाषण पाच मिनिटांत आटोपले. तिसऱ्या रविवारी आम्ही विचारले, "हिमावर पुन्हा गेला होतास का रे?" तो भरभरून इंग्रजीत सांगू लागला: कोठल्या उतारावर गेला, किती वेळा पडला, आता पाचर न करता वळता कसे येते. आम्ही सारे ऐकून घेतले.

आणि पुढचा प्रश्न मराठीत विचारला.