कर्णधार पडतो, पुढारी निवडून येतो

२०२२चा ऑक्टोबर. शिवसेना फुटून चार महिने होत आले होते, धनुष्यबाण निवडणूक आयोगाने गोठवला होता आणि ‘गद्दार’, ‘खोके’ यांखेरीज राज्यात दुसरा विषय नव्हता. नेमक्या त्याच दिवसांत वानखेडे स्टेडियमवरच्या एका स्नेहभोजनाला शरद पवार, एकनाथ शिंदे, देवेंद्र फडणवीस आणि आशिष शेलार एकाच मंचावर हसतखेळत बसले. निमित्त होतं मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या निवडणुकीचं. समोर अध्यक्षपदाचे उमेदवार होते संदीप पाटील, १९८३च्या विश्वविजेत्या संघातले. ते पडले. फडणवीसांच्या जवळचे मानले जाणारे अमोल काळे अध्यक्ष झाले.

पाटलांनी फार मनाला लावून घ्यायचं कारण नव्हतं. एमसीएच्या मतपेटीत त्यांच्याआधी आपटलेली नावंही लहान नाहीत. २००१ मध्ये अजित वाडेकर पवारांकडून हरले. १९७१ साली वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोघांना त्यांच्याच घरी लोळवणारा हा कर्णधार. (आता वानखेडेवर वाडेकर आणि पवार दोघांच्याही नावाचा स्टँड आहे, आणि दोन्हींचं उद्‌घाटन मे २०२५ मध्ये एकदमच झालं.) लॉर्ड्सवर तीन शतकं ठोकणारे दिलीप वेंगसरकर २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री विलासराव देशमुख यांच्यापुढे पडले. २०१३ मध्ये तर पवार विरुद्ध गोपीनाथ मुंडे अशी थेट जुगलबंदीच व्हायची, पण मुंडे मुंबईचे रहिवासी नाहीत म्हणून त्यांचा अर्ज बाद झाला आणि प्रकरण कोर्टात गेलं. क्रिकेटपटूचं नाव या लढतीत औषधालाही नव्हतं.

स्टेडियमच्या पायातच राजकारण आहे. शेषराव वानखेडे विधानसभेचे अध्यक्ष होते. ब्रेबॉर्न स्टेडियमची मालकी असलेल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाशी तिकिटांच्या वाट्यावरून एमसीएचं बिनसलेलं होतंच. त्यात आमदारांना सामन्यासाठी मैदान द्यायला क्लबचे अध्यक्ष विजय मर्चंट नाही म्हणाले, असा किस्सा जुनी मंडळी सांगतात. वानखेडे इरेला पेटले, ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर नवं स्टेडियम उभं राहिलं आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटीही झाली.

बाहेरून येणारं राजकारण निदान कुदळ घेऊन येतं, दिसतं तरी. १९९१ मध्ये पाकिस्तानचा दौरा होऊ नये म्हणून शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी उखडली. दौरा रद्द झाला. जानेवारी १९९९ मध्ये दिल्लीच्या कोटला मैदानावर तेच घडलं, आणि पाठोपाठ मुंबईत क्रिकेट मंडळाच्या कार्यालयात घुसून तोडफोड झाली. त्यात १९८३चा विश्वचषकही सुटला नाही. तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते शिवसेनेचेच मनोहर जोशी. एमसीएचे अध्यक्षही तेच! पुढे २००४ मध्ये पाकिस्तानचेच जावेद मियाँदाद ‘मातोश्री’वर जाऊन बाळासाहेब ठाकऱ्यांशी गप्पा मारून आले.

क्रिकेटचा कारभार सुधारण्यासाठी नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये उचलून धरल्या. मंत्र्यांना आणि सत्तरी ओलांडलेल्यांना पदबंदी झाली, पवारांनी त्याच वर्षी अध्यक्षपद सोडलं. मात्र सुरुवातीला सांगितलेलं स्नेहभोजन त्यानंतर सहा वर्षांनी झालेलं आहे.

मतं असतात मुख्यतः क्लबांची. क्लबाला हवा असतो मैदानाचा भाडेपट्टा, बांधकामाची परवानगी, कुठल्या तरी फाइलवर सही. वाडेकरांचा कव्हर ड्राइव्ह तिथे काय कामाचा? मंत्रालयात ज्याचा फोन उचलला जातो तो उमेदवार बरा, असा क्लबांचा सरळ हिशेब असणार आणि तो चुकीचाही म्हणवत नाही.

त्याचं बिल मात्र भलतीकडे जातं. सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचं शुल्क एमसीएकडे वर्षानुवर्षं थकलं होतं. २०२३ मध्ये राज्य सरकारने या शुल्काचे दर उतरवले, तेही थेट २०११पासून मागे जाऊन. साहजिकच जुनी थकबाकीही आकसली. याविरुद्ध जनहित याचिका दाखल झाली, आणि बक्कळ पैसा असलेल्या क्रिकेटवर ही मेहेरनजर कशासाठी, असं २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला विचारलं.