घंटा नको, शिंकाळं बांधा

घरात मांजर असेल आणि घरातच इलेक्ट्रॉनिक्सचा नादही असेल, तर लोक दोन प्रकारचे सल्ले देतात. पहिला : मांजर कुठंतरी सोडून ये. दुसरा : टेबलाभोवती डांबरगोळ्या टाक, फिनाइल मार, हाताशी पाण्याचा फवारा ठेव. दोन्ही सल्ल्यांत धरून चाललेलं असतं की दोष मांजराचा आहे. मला वाटतं, दोष टेबलाचा असतो आणि ते टेबल ज्याचं आहे त्याचा असतो. हे मी शहाणपणा मिरवायला लिहीत नाहीये. हे कळेपर्यंत माझ्या हातून एक मांजर गेलं.

नांदेडला आमचं घर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर गच्ची. माझं वर्कबेंच म्हणजे आईच्या जुन्या शिलाई मशीनचं टेबल, बाहेरच्या खोलीत, दिवाणाला लागून. दिवसा त्यावर नोकरीचा लॅपटॉप असतो. रात्री सोल्डरिंग आयर्न, ब्रेडबोर्ड आणि हैदराबादच्या कोटीतल्या गुजराती गल्लीतून आणलेले सुटे पार्ट. ठमी आमच्याकडे आली ती तिच्या आईच्या तोंडात लटकून. मांजरीण पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. आमचं घर कितवं होतं कोण जाणे, पण ठमी राहिली ती इथंच.

गेल्या मे महिन्यात मी गच्चीवरच्या टाकीसाठी पाण्याची पातळी दाखवणारं सर्किट करत होतो. रात्री दहाच्या सुमाराला लाइट गेली. आयर्न होतं तसं पत्र्याच्या छोट्या स्टँडवर टेकवलं आणि उकाड्यानं वैतागून सगळ्यांबरोबर गच्चीवर झोपायला गेलो. बोर्डावरचं बटण चालूच राहिलं. मध्यरात्रीनंतर कधीतरी लाइट आली. खाली रिकाम्या खोलीत पंखा फिरायला लागला आणि आयर्न तापायला लागलं. मग ठमी टेबलावर चढली असणार. वास आला म्हणून आई खाली धावली, तेव्हा आयर्न दिवाणावर पडलेलं होतं, गोधडीला ताटाएवढं भोक पडलं होतं आणि खालच्या गादीतला कापूस धुमसत होता. ठमी कपाटाखाली बसून भाजलेला पंजा चाटत होती.

सकाळी निकाल लागला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "कायला पाळलाव ओ असलं? पोत्यात घाला अन् द्या सोडून नदीपल्याड." बाबा म्हणाले, "आज गोधडी जळाली, उद्या घर जळंल." मी काहीच बोललो नाही. बटण मी चालू ठेवलं होतं हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. बाबांनी सुतळी बांधली तेव्हा पोत्याचं तोंड मी धरलं होतं. गोदावरीचा पूल ओलांडून एका गोदामामागं ते पोतं उघडलं. ठमी बाहेर आली, एकदा माझ्याकडं बघितलं आणि लंगडत पत्र्यांच्या आड गेली. दोन दिवसांनी मी परत जाऊन हाका मारल्या. ती सापडली नाही.

वड्याचं तेल वांग्यावर काढणं ते हेच. आणि आपल्याकडं हे करायला एक सोवळी पद्धतही आहे. मांजर मारलं तर पाप लागतं, सोन्याचं मांजर काशीला दान करावं लागतं, अशी समजूत. म्हणून आपण मारत नाही, सोडून येतो. ते भुकेनं मेलं, गाडीखाली गेलं, कुत्र्यांनी फाडलं, तर त्याचा हिशेब आपल्या नावावर येत नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960चा कायदा मात्र एवढा भाबडा नाही. जनावर उपाशी-तहानलेलं तळमळेल अशा स्थितीत विनाकारण सोडून देणं हा त्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. एवढ्यात सोल्डरची चांगली गुंडाळीसुद्धा येत नाही. तेव्हा दंडाच्या भीतीनं कुणी थांबेल असं नाही. थांबायचं तर लाजेनंच थांबावं लागेल.

या प्रकरणानंतर काही दिवसांनी लातूरला मावशीकडं गेलो. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्याच एका रस्त्यावर त्यांचं किराणा दुकान आहे. डाळीच्या पोत्यांवर एक बोका झोपलेला होता. मी घडलेलं सांगितलं. बटणाचं पहिल्यांदाच कुणाला तरी खरं सांगितलं. काका वजन करता करता म्हणाले, "मांजराचं काम तोंड घालायचं. झाकण ठेवायचं काम माणसाचं."

हे वाक्य ऐकल्यावर मला आजीच्या घरातलं शिंकाळं आठवलं. तुमच्यातल्या कित्येकांनी ते पाहिलंही नसेल. आढ्याला टांगलेली दोरीची जाळी, तिच्यात दुधा-दह्याची भांडी. बाजूला जाळीच्या दाराचं दुभत्याचं कपाट. मांजर घरात राहणार, त्याला दूध आवडणार, ते उडी मारणार, या तिन्ही गोष्टी त्या बायकांनी आधीच मान्य केलेल्या होत्या. मग दूध कुठं ठेवायचं ते त्यांनी ठरवलं. बदल मांजराच्या स्वभावात करायचा नाही, वस्तूच्या मांडणीत करायचा. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला सेफ्टीचा एवढा स्वच्छ धडा मिळाला नव्हता. आपण मात्र अजून मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची यावरच बोलत बसलोय.

आता त्या दुसऱ्या सल्ल्यांकडं बघू. डांबरगोळ्यांतलं नॅप्थलिन मांजराला विषारी आहे. फिनाइलमधली फिनॉलवर्गीय रसायनं पचवून बाहेर टाकायची यकृताची ताकद मांजरात फार कमी असते. फरशीवरून पंजाला लागलेलं फिनाइल ते चाटून पोटात घेतं. पाण्याच्या फवाऱ्याबद्दल काय बोलावं? 230 व्होल्टचा बोर्ड उघडा आहे आणि आपण त्याच्या दिशेनं पाणी उडवायचं! अशानं मांजर सुधारेल की आपण, सांगता येत नाही.

मांजर टेबलावर का येतं हे एकदा समजून घ्या. त्याला ऊब हवी असते, आणि अडॅप्टर, राउटर, लॅपटॉप सगळे तिथंच गरम होतात. त्याला उंच जागा हवी असते. लोंबणारी वायर त्याला शेपटीसारखी वाटते. यात खोडसाळपणा कुठंच नाही. धोका मात्र खरा आहे. आयर्नचं टोक 350 अंशांच्या आसपास तापलेलं असतं. साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं. त्याचे कण पंजाला लागले की जिभेवर जाणार. बटण-सेल गिळला तर अन्ननलिका भाजते. 18650च्या सेलची दोन टोकं एखाद्या पक्कडीनं जोडली गेली तर आग लागू शकते. एसएमपीएसचा प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट काही काळ राहू शकतात.

ही यादी पुन्हा वाचा आणि मांजराच्या जागी शेजारचं चार वर्षांचं पोर ठेवा. किंवा झाडू मारताना टेबलाखाली हात घालणारी आई. एकही ओळ बदलावी लागत नाही. म्हणून म्हणतो, मांजरामुळं धोकादायक झालेलं टेबल मुळात आधीच धोकादायक असतं. मांजर फक्त ते सगळ्यांच्या आधी दाखवून देतं.

माझ्या धंद्यात हे मान्य आहे. नेटफ्लिक्सच्या इंजिनिअरांनी 'केऑस मंकी' नावाचं साधन बनवलं आणि 2012 मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. हे माकड चालू सर्व्हर मुद्दाम, कुठलाही, बंद पाडतं. एक सर्व्हर पडल्यानं सगळं कोसळत असेल तर चूक माकडाची नाही, रचनेची, हा त्यामागचा विचार. ऑफिसच्या मीटिंगमध्ये आम्ही यावर माना डोलावतो आणि घरी येऊन मांजराला पोत्यात घालतो.

सगळ्यात जास्त लाज मला वाटते ती स्टार्टरची. आपल्या शेतातल्या मोटारीचा साधा स्टार्टर आठवा. लाइट गेली की तो पडतो. लाइट परत आली तरी हिरवं बटण हातानं दाबल्याशिवाय मोटार चालू होत नाही. लाइट कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून लोक पुढं ऑटो बसवतात, तो भाग वेगळा. पण मूळ रचना शहाणी आहे : माणूस समोर असल्याशिवाय यंत्रानं जागं व्हायचं नाही. मराठवाड्यात वाढलेल्या, भारनियमनात अभ्यास केलेल्या माझ्यासारख्या पोराला आयर्नच्या बाबतीत हे सुचू नये?

आता सुचलंय. बेंचच्या सगळ्या सॉकेटना मिळून एक छोटा कॉन्टॅक्टर आहे, लाल-हिरव्या बटणांचा, अगदी मोटारीच्या स्टार्टरसारखा. लाइट गेली की बेंच मेलं. आयर्नचं स्प्रिंगवालं जड स्टँड टेबलाला स्क्रूनं आवळलंय. वायरी मागून केसिंग-कॅपिंगमधून जातात, लोंबत एकही नाही. सेल, सोल्डरचे तुकडे, पार्ट झाकणाच्या डब्यांत. काम झालं की टेबल ओल्या फडक्यानं पुसायचं, हात धुवायचे आणि वरून बिजागरीचं फळकुट पाडायचं. टू-पिन सॉकेटमध्ये बसावी म्हणून तोडलेली अर्थिंगची पिन असलेले सगळे प्लग फेकून दिले. मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घेतली. तिचा आकडा माणसाचं शरीर धरून ठरवलाय, मांजराचं नाही, म्हणून तिच्या जिवावर बाकीचं सोडून चालत नाही. आणि शेवटचं, जे सगळ्यांत स्वस्त पडलं : खिडकीशी, टेबलापेक्षा उंच, गोणपाट घातलेली एक फळी. ऊब आणि उंची दोन्ही तिथं मिळते, मग टेबलाची ओढ आपोआप कमी होते.

कुणी म्हणेल, "एवढा खटाटोप एका मांजरासाठी?" तर हा खटाटोप मांजर नसतं तरी करायलाच हवा होता. कुणी म्हणेल, वेगळी खोली घे, दार लावून काम कर. ज्यांच्याकडं गॅरेज आणि स्टडी आहे त्यांनी खुशाल करावं. आपल्या घरांत एकाच खोलीत कुणी झोपतं, कुणी जेवतं, कुणी अभ्यास करतं आणि मांजर सगळ्यांच्या मधून जातं. टेबल याच खोलीसाठी बनवावं लागेल.

ही सवय टेबलापुरतीही नाही. पावसाळ्यात करंट उतरलेल्या खांबाला चिकटून म्हैस मरते, तेव्हा चार जण तरी म्हणतातच, "म्हैस कशाला गेली तिकडं?" वायर उघडी कुणी ठेवली हा प्रश्न नंतर येतो, कधी येतच नाही. ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर दोष लवकर चिकटतो. त्या सकाळी माझ्या घरातही तेच झालं, आणि बोलता येणारा मी गप्प बसलो.

मागच्या महिन्यात काकांनी लातूरहून बोक्याचं एक पिल्लू पाठवलं. ते आणायच्या आदल्या रात्री जेवताना मी बाबांना बटणाचं सांगितलं. ते बराच वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, "तवाच सांगायचं ना."

फळी तयार होती. पिल्लू सध्या तिच्यावर झोपतं. टाकीचं सर्किटही पूर्ण झालंय. नदीपल्याड गेलो की मी अजून त्या गोदामामागं गाडी थांबवतो.