रक्ताची गुठळी आणि आरोपाची दिशा

तरुण माणसाच्या आकस्मिक मृत्यूची बातमी आली की करोनाची लस हेच त्याचे कारण ठरवून टाकण्याची रीत गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात रूढ झाली आहे, आणि ॲस्ट्राझेनेका कंपनीने आपल्या लशीमुळे अत्यंत विरळ प्रसंगी रक्तात गुठळ्या होऊ शकतात असे ब्रिटनमधील न्यायालयात लेखी मान्य केल्याचे 2024 मध्ये प्रसिद्ध झाल्यावर तर या समजाला कबुलीजबाबाचेच बळ मिळाले. तीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘कोविशील्ड’ या नावाने बनवली आणि भारतातील बहुतेकांनी तीच घेतली, त्यामुळे ही शंका घरोघरी पोचली. हा पूर्वपक्ष हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्यातला काही अंश खरा आहे आणि तो आधी मान्य केल्याशिवाय उरलेल्या भागाचे खंडन प्रामाणिक ठरणार नाही.

खरा अंश असा की या लशीनंतर काही थोड्या लोकांच्या शरीरात, प्लेटलेटमधून म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बिंबिकांमधून स्रवणाऱ्या एका प्रथिनाविरुद्धच प्रतिपिंडे तयार झाली. त्यामुळे बिंबिका एकमेकींना चिकटू लागल्या, रक्तातली त्यांची संख्या घसरली आणि मेंदूतल्या शिरांसारख्या एरवी क्वचित आढळणाऱ्या जागीही गुठळ्या झाल्या. 2021 च्या मे महिन्यात लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटना तपासणाऱ्या भारताच्या राष्ट्रीय समितीने कोविशील्डनंतरच्या गुठळ्यांच्या 26 संभाव्य घटना नोंदवल्या होत्या, म्हणजे दर दहा लाख मात्रांमागे 0.61. त्या काळात ज्यांनी या तक्रारींना सरसकट अफवा म्हटले त्यांनी लशीची बाजू बळकट केली नाही, उलट कमकुवत केली. शिवाय या विकारात गुठळ्यांवरचे नेहमीचे औषध हेपॅरिन टाळून इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते, त्यामुळे तो नाकारणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकत होते.

परंतु या विकाराला स्वतःची ठरावीक लक्षणे आहेत आणि स्वतःची मुदतही आहे. तो मुख्यतः पहिल्या मात्रेनंतर काही दिवसांत ते काही आठवड्यांत उद्भवतो आणि त्यात बिंबिका कमी झालेल्या आढळतात. लशीनंतर दोन वर्षांनी हृदयाच्या धमनीत झालेली गुठळी, जिथे बिंबिका पुरेशा आहेत आणि ते प्रतिपिंडही नाही, ती या वर्णनात कुठेच बसत नाही. तरीही तिचा दोष लशीवर जातो. याचे एक कारण नोंदीत आहे. लशीला तारीख असते, प्रमाणपत्र असते. संसर्ग मात्र अनेकांना चाचणीविना, दोन दिवसांच्या तापावर निभावून गेला आणि विस्मरणात गेला. ज्याची नोंद आहे त्यावर आळ येतो, ज्याची नाही ते सुटते.

सुटलेला हा संसर्ग रक्तवाहिन्यांचे काय करतो ते नीट पाहिले पाहिजे. रक्तवाहिनीच्या आत पेशींचा एकच थर असतो आणि रक्त वाहते ठेवणारी रसायने सोडणे हे त्याचे काम असते. तीव्र संसर्गात दाहामुळे हा थर दुखावतो, गोठण्यास मदत करणारे घटक रक्तात सोडतो आणि फायब्रिन या धाग्यासारख्या प्रथिनाचे जाळे तयार होऊ लागते. 2020 मध्ये करोनाने दगावलेल्या 7 जणांची फुप्फुसे इन्फ्लुएंझाने दगावलेल्या 7 जणांच्या फुप्फुसांशी ताडून पाहिली गेली, तेव्हा वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्यांतील सूक्ष्म गुठळ्या करोनाच्या रुग्णांत नऊ पट आढळल्या. प्राणवायू वायुकोशापर्यंत पोचला तरी तो उचलून नेणारा रक्तप्रवाहच तिथे अडलेला असेल तर रुग्णाच्या रक्तातला प्राणवायू खालीच राहणार, आणि म्हणून करोनाला निव्वळ न्यूमोनिया समजणे अपुरे ठरते.

आता लस आणि संसर्ग एकाच तराजूत घालून पाहू. इंग्लंडमधील सुमारे 2.9 कोटी लस घेतलेल्यांच्या नोंदींवरून 2021 मध्ये असे दिसले की शिरांतील गुठळ्यांच्या नेहमीपेक्षा जास्तीच्या घटना ॲस्ट्राझेनेकाच्या पहिल्या मात्रेनंतर दर एक कोटी व्यक्तींमागे 66 होत्या, तर संसर्ग झालेल्या दर एक कोटींमागे 12,614. स्वीडनमधील दहा लाखांहून अधिक बाधितांच्या अभ्यासात संसर्गानंतरच्या पहिल्या महिन्यात फुप्फुसातील गुठळीचा धोका 33 पट आढळला आणि तो सहा महिन्यांपर्यंत वाढलेलाच राहिला. भारतातल्या तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 47 रुग्णालयांत केला, त्यात 729 मृत्यूंची 2,916 जिवंत व्यक्तींशी तुलना केली. लशीमुळे धोका वाढल्याचे त्यात दिसले नाही, करोनासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागल्याचा पूर्वेतिहास मात्र धोका वाढवणारा ठरला.

यावर दुसऱ्या टोकाचा निष्कर्ष काढला जातो तो असा की गुठळ्या होतातच तर प्रत्येक बाधिताने रक्त पातळ करणारी गोळी चालू ठेवावी. तोही टिकत नाही. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत रुग्णालयातील सुमारे 15,000 रुग्णांपैकी निम्म्यांना ॲस्पिरिन दिली गेली, आणि दोन्ही गटांत 28 दिवसांत दगावणाऱ्यांचे प्रमाण 17 टक्केच राहिले. हेपॅरिनच्या पूर्ण उपचारमात्रेचा लाभ रुग्णालयातील मध्यम आजारी रुग्णांना झाला, पण अतिदक्षता विभागातील गंभीर रुग्णांना झाला नाही, म्हणजे तेच औषध आजाराच्या एका टप्प्यावर उपयोगी आणि दुसऱ्यावर निरुपयोगी ठरले. स्वीडनच्या त्याच अभ्यासात संसर्गानंतर दोन महिने रक्तस्रावाचा धोकाही वाढलेला आढळला, आणि ही बाब लक्षात घेतली तर स्वतःच्या मनाने गोळी घेत राहणे सावधपणाचे न ठरता घातकच ठरते.

म्हणून खरे काम डॉक्टरांच्या तपासणी खोलीत आहे. एकाच पोटरीला आलेली सूज, अचानक लागलेली धाप किंवा श्वास घेताना छातीत उठणारी कळ घेऊन रुग्ण आला तर लशीच्या तारखेबरोबर मागच्या सहा महिन्यांतल्या तापाचीही चौकशी व्हायला हवी, आणि गुठळीची शंका असेल तर पायाची सोनोग्राफी किंवा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन टाळता कामा नये. फायब्रिनच्या जाळ्याचे तुकडे रक्तात मोजणारी डी-डायमर चाचणी अशा रुग्णासाठी उपयोगी आहे. लक्षणे नसलेल्या माणसात मात्र वय, गरोदरपण किंवा साधी जखम यांनीही तिचा आकडा चढतो, त्यामुळे केवळ त्या आकड्यावर उपचार सुरू करण्यास काही आधार नाही.