घाटेअळी शिकली, गिधाड शिकलं नाही

मागचे दोन शनिवार इथे काही लिहिलं नाही, त्याचं कारण पोळा. पोळ्याला मी गावी जातोच. आमचं गाव मुखेडच्या पलीकडे. जिल्हा नांदेड, पण बाजारहाट लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला. (पुण्यात कोणी 'नांदेडचा की लातूरचा' असं विचारलं की मी 'दोन्हीचा' म्हणून टाकतो.)

काकांकडे लाल कंधारी बैलांची जोडी आहे. यंदा खांदेमळणीच्या दिवशी पाहतो तर त्यातला एक मागच्या पायाने लंगडतोय, सांधा सुजलेला. गावात जनावरांना इंजेक्शन देणारे एक गृहस्थ येतात, ते येऊन गेले. दुसऱ्या दिवशी बैल बऱ्यापैकी चालायला लागला, शिंगांना रंग लागला, मिरवणुकीतही गेला. सगळे खूश. मी मात्र गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेल्या काचेच्या छोट्या अँप्युल्स मोजत बसलो. बारा होत्या, प्रत्येकी तीन मिलीच्या. नाव वाचलं: डायक्लोफेनॅक. तेही माणसांसाठीचं.

हे औषध जनावरांना देण्यावर 2006 पासून बंदी आहे. बंदीनंतरही माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या जनावरांना टोचल्या जात होत्या, म्हणून 2015 मध्ये सरकारने माणसांच्या इंजेक्शनचा आकारच तीन मिलीवर आणला. कल्पना अशी, की एका बैलासाठी डझनभर अँप्युल्स फोडायचा उद्योग कोण करेल? आमच्या गोठ्यात कोणीतरी केला होता. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला वर्कअराउंड म्हणतो.

मी म्हणालो, "काका, ह्या औषधानं गिधाडं मरतात."

काका हाताचा रंग पुसत म्हणाले, "अरे पण गिधाडं हाईत कुठं आता? म्या बघून पंचवीस वर्षं झाली. जे न्हाईच ते मरंल कसं?"

लॉजिक बिनतोड होतं. मला काही उत्तर सुचलं नाही. आजचा लेख म्हणजे ते उशिरा सुचलेलं उत्तर.

मी स्वतः गावात गिधाड कधीच पाहिलेलं नाही. आजोबा सांगायचे, ओढ्याच्या पलीकडे मेलेली जनावरं टाकायची जागा होती. सकाळी बैल नेऊन टाकला की संध्याकाळपर्यंत नुसता सांगाडा. आता त्या जागी कुत्री असतात आणि वास असतो.

झालं काय, तर 1990 च्या दशकात हे स्वस्त आणि गुणकारी वेदनाशामक जनावरांसाठी सर्रास वापरात आलं. त्याच दशकाच्या अखेरीस बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांना भरतपूरच्या अभयारण्यात गिधाडं माना टाकून बसलेली, मरून पडलेली दिसू लागली. आधी संशय रोगाचा होता. शेवटी 2004 मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरून खरा गुन्हेगार शोधला. औषध दिल्यावर थोड्याच दिवसांत जनावर मेलं आणि ते गिधाडाने खाल्लं, की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं, रक्तात यूरिक अॅसिड साठतं आणि आतल्या अवयवांवर पांढरी पूड धरते. दोनचार दिवसांत खेळ खलास. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजाराला एक इतकी उरली.

यातला सगळ्यात भयंकर आकडा मात्र वेगळाच आहे. एवढा संहार व्हायला किती मढ्यांमध्ये विष असावं लागतं? शास्त्रज्ञांनी 2004 मध्येच हिशोब मांडला होता: शंभरात एकसुद्धा नाही, त्याहून कमी. कारण एका मढ्यावर पन्नास-पन्नास गिधाडं उतरतात. काकांचा बैल मेला नाही, चांगला ठणठणीत आहे. जवळजवळ प्रत्येक वेळी असंच होतं, आणि म्हणूनच कोणाला आपण काही चुकीचं करतोय असं वाटत नाही. शंभरात एकदाही न दिसणारा बग किती महिने प्रॉडक्शनमध्ये लपून राहतो, ते माझ्या टीमला विचारा!

ऑफिसात जेवताना हे सांगितलं तर एक मित्र म्हणाला, "अरे, इव्होल्यूशन आहे की! निसर्ग जुळवून घेतो." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचा समाचार घ्यायलाच हवा. कारण ते अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं आपल्या विरोधात जातं.

कुठलं रसायन कोणाला पचेल हे बऱ्याच अंशी जनुकांवर ठरतं. हेच डायक्लोफेनॅक अमेरिकेतल्या टर्की व्हल्चर नावाच्या गिधाडांना आपल्या गिधाडांना मारणाऱ्या डोसच्या शंभरपटीहून जास्त देऊन पाहिलं, त्यांना ढिम्म काही झालं नाही. दिसायला दोन्ही गिधाडंच, पण घराणी वेगळी. म्हणजे झेपणारी जनुकं जगात आहेत. आपल्या गिधाडांकडे ती नाहीत, एवढंच.

मग येतील ना हळूहळू? इथे आपल्या लातूर-नांदेडच्या शेतकऱ्याच्या चांगल्या ओळखीचा एक प्राणी बघा: घाटेअळी. हरभऱ्याचे घाटे, तुरीच्या शेंगा, कापसाची बोंडं, हिला सगळं चालतं. तिच्यासाठी 1980 च्या दशकात सिंथेटिक पायरेथ्रॉइड कीटकनाशकं आली. सुरुवातीला एका फवारणीत शेत साफ. पण 1987 मध्येच आंध्रच्या किनारपट्टीवरच्या कापसात ही अळी फवारण्यांना दाद देईनाशी झाली.

तिच्या जनुकांत काय झालं असेल याचं एक सुरेख उदाहरण 2012 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अळ्यांमध्ये सापडलं. शेजारशेजारची दोन जनुकं गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होताना चुकीच्या जागी जोडली गेली आणि तिसरंच एक जनुक तयार झालं. त्यापासून बनणारं एन्झाइम फेनव्हलरेट हे कीटकनाशक मोडून टाकतं. पुढे तेच जनुक पाकिस्तानातल्या अळ्यांमध्येही मिळालं. थोडक्यात, कट-पेस्टमध्ये चूक झाली आणि तिचं फीचर झालं.

पण लक्षात घ्या, विषाने अळीला काही शिकवलं नाही. असा बदल ज्या मोजक्या अळ्यांमध्ये होता त्या जगल्या, बाकीच्या मेल्या. मग उरलेल्यांचंच राज्य. हा जुगार जिंकायला दोन गोष्टी लागतात: भरपूर तिकिटं आणि भरपूर सोडती. घाटेअळीची एक मादी शेकडो अंडी घालते आणि महिना-दीड महिन्यात पुढची पिढी तयार. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते, तेही वयाची पाच-एक वर्षं झाल्यावर. ती पंधरा वर्षं म्हणजे गिधाडांच्या फार तर तीन पिढ्या. तीन सोडती, हातात चार तिकिटं. काय लागणार लॉटरी? आज जी उरलीत ती विष पचवणारी म्हणून नव्हे, विषारी मढं वाट्याला आलं नाही म्हणून उरलीत. आणि मूठभर उरलेल्यांत जनुकांचं वैविध्यही कमी, म्हणजे पुढच्या संकटाला हातात पत्ते आणखी थोडे.

तेव्हा निसर्ग जुळवून घेतो हे खरं, पण भराभर पिढ्या काढणारे जुळवून घेतात. म्हणजे नेमके आपल्याला नकोसे. ज्यांच्या जिवावर गाव स्वच्छ राहायचं ते संपतात. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी 2024 मध्ये हिशोब प्रसिद्ध केला: गिधाडं गेल्यामुळे सडती मढी, दूषित पाणी आणि वाढलेली कुत्री यांतून 2000 ते 2005 या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली. काका, मरतंय कोण, याचं हे पहिलं उत्तर.

दुसरं उत्तर: गिधाडं परत येऊ शकतात. हरियाणात पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली पांढऱ्या पाठीची काही गिधाडं 2024 मध्ये ताडोबात सोडली. त्यांतलं एक उडत उडत तामिळनाडूपर्यंत गेलं. एवढा पल्ला असलेल्या पक्ष्याला मुखेड काय लांब? प्रश्न असा, की तो आमच्या ओढ्यापलीकडे उतरलाच तर त्याच्यापुढे काय वाढलेलं असेल?

आता माझं मत. डायक्लोफेनॅकवर 2006 मध्ये बंदी आली. गाईच्या शरीरात जाऊन ज्याचं डायक्लोफेनॅकच होतं त्या अॅसिक्लोफेनॅकवर यायला 2023 उजाडलं, केटोप्रोफेनवरही तेव्हाच. निमेसुलाइडवर 2024 च्या डिसेंबरात. म्हणजे औषध आधी बाजारात, गिधाडं मेल्यावर चौकशी, मग बंदी. याला ब्लॅकलिस्ट म्हणतात, आणि सिक्युरिटीत काम करणारं कोणीही सांगेल की ब्लॅकलिस्ट नेहमी एक पाऊल मागे असते. पाहिजे ती व्हाइटलिस्ट. मढं खाणाऱ्या पक्ष्यांना चालतं हे सिद्ध झालेलं वेदनाशामकच गुरांसाठी विकायला परवानगी. मेलॉक्सिकॅम सुरक्षित असल्याचं 2006 मध्येच दिसलंय, टॉल्फेनॅमिक अॅसिडही त्याच यादीत आहे. म्हणजे बैलाला वेदनेत ठेवा असं कोणी म्हणत नाहीये. बैल दुखण्याने लंगडत असताना काकांनी गिधाडांचा विचार करावा ही अपेक्षा मला तरी चुकीची वाटते. तो विचार औषधाला परवानगी देणाऱ्याने करायचा.

असो. परतायच्या आधी मी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून लिहून घेतलं आणि उदगीरहून मेलॉक्सिकॅमची एक मोठी बाटली आणून काकांच्या कोनाड्यात ठेवली. गिधाडांवर भाषणही दिलं. काकांनी 'बरं बरं' म्हणून विषय संपवला.

मागच्या रविवारी त्यांचा फोन आला. शेजाऱ्याची गाय लंगडत होती, ते इंजेक्शनवाले आले होते, काकांनी बाटली पुढे केली. मी उत्साहाने विचारलं, "गिधाडांचं सांगितलं का त्यांना?"

"न्हाई बा," काका म्हणाले. "त्येच म्हणला, एका बाटलीत काम होतंय तर बारा काचा फोडत कोण बसतंय?"